लहानांना अहो, मोठ्यांना अरे

बाईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहून टाकते. काय झालं होतं ते ओघानं येईलच. नाव मात्र लिहीत नाही. त्यांना कळलं तर म्हणतील, "अगं, माझं काय लिहितेस? पोरं काय कमी आहेत लिहायला?" तेव्हा नुसतं बाई. इंदिरानगरातल्या आमच्या बालवाडीच्या बाई.

मी मूळची देगलूरच्याही पुढची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि घरात माझ्या पाठची तीन भावंडं. म्हणून शाळा सुटली. कुणी सोडवली नाही, मीही सोडली नाही, ओल्या हातातून वाटी निसटावी तशी सुटली. लग्न झालं, ह्यांना अंबडला कारखान्यात काम लागलं, आणि आम्ही नाशिकला आलो. इथं मी तोंड उघडलं की लोक विचारायचे, "कुठल्या तुम्ही?" मग मी तोंड कमी उघडायला लागले. घरमालकिणीनं सांगितलं की एका बालवाडीत मदतनीस पाहिजे. झाडायचं, पोरांची नाकं पुसायची, खाऊ वाढायचा. ह्याला सातवी पुष्कळ झाली, असं मीच मला समजावलं आणि गेले.

वर्गात शिरले तर बाई कुठं दिसेनात. वीस-पंचवीस पोरं आपापल्या उद्योगात, आणि मोठं माणूस एकही नाही. मी घाबरून विचारलं, "बाई कुठं आहेत?"

टेबलाखालून आवाज आला, "खाली आहे. ये, तूही बस."

टेबलाखाली एक मुलगा रुसून बसला होता आणि त्याच्या शेजारी साठीच्या बाई, गुडघे पोटाशी घेऊन, तशाच रुसल्यासारख्या. त्याला म्हणत होत्या, "अहो विहानराव, इथं बरंय हो तुमचं. वारं लागत नाही." माझी मुलाखत तिथंच झाली.

"मूल रडायला लागलं तर काय करशील?"

"उचलून घेईन."

"आणि नाही उचललंस तर?"

 मी दचकून मान वर केली आणि डोकं टेबलाला आपटलं.

"बरं, उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. बरोबर उत्तर कोणतं, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

बाईंची पहिली गंमत म्हणजे त्यांचं बोलणं. तीन वर्षांच्या पोरांना त्या अहो-जाहो करायच्या. "मीराबाई, आपली शेंबडाची धार ओठांवर आली, बघा बरं." "शौर्यराव, चप्पल उलटी घातलीत, चालेल का आपल्याला?" आणि मोठ्या माणसांना सरसकट अरे-तुरे. गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवत आलेल्या वडिलांना फाटकातच, "अरे, हॉर्न कशाला वाजवतोस? तुझा मुलगा मुका आहे का, तो सांगेल की आलो म्हणून." बालवाडी ज्यांची होती ते सर बाईंहून वीस वर्षांनी लहान, पण सूटबूट घालणारे, मोठ्या लोकांत ऊठबस असलेले. त्यांनाही, "तू बस रे जरा. उभ्यानं बोललास की पोरांना वाटतं पाऊस येणार."

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, हे असं उलटं का?"

"मोठ्यांना आयुष्यात कुणी ना कुणी अहो म्हणतंच. ह्यांना कोण म्हणणार?"

प्रवेशाच्या वेळी त्या मुलांची परीक्षा घेत नसत, आईबापांची घेत. आईबापांना मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं, "हिला हसू कशानं येतं?" लोक सांगायचे, हिला शंभरपर्यंत आकडे येतात, इंग्रजी कविता येते. बाई म्हणायच्या, "ते येतच असेल. हसू कशानं येतं?" मग नवरा बायकोकडे बघायचा, बायको नवऱ्याकडे. एक जण तर त्या खुर्चीत अडकून बसले. उठले की खुर्ची बरोबर उठायची. त्यांची मुलगी पोट धरधरून हसली. "आलं उत्तर," म्हणून बाईंनी फॉर्मवर सही केली.

त्यांचं सर्टिफिकेट वर्गात चौकटीत लावलेलं होतं. तरुणपणी दोन वर्षं त्यांनी बालशिक्षणाचा कोर्स केला होता, त्याचं. पण ते लावलं होतं जमिनीपासून दोन फुटांवर. मोठ्या माणसाला वाचायचं तर ओणवं व्हावं लागे. सर म्हणायचे, "बाई, ते वर लावा, पेरेंट्सवर इम्प्रेशन पडतं." बाई म्हणायच्या, "मला ते वाकल्यावरच मिळालं, बाकीच्यांनीही वाकून बघावं."

महिन्यातून दोनदा त्या मला घेऊन पंचवटीच्या भाजीबाजारात जायच्या. चांगली भाजी त्या बघायच्यासुद्धा नाहीत. भाजीवाल्या बायका त्यांच्यासाठी वेगळाच माल काढून ठेवायच्या.

"मास्तरीणबाई, या! तुमचं वांगं ठिवलंय. तीन नाकांचं हाय."

"पाय फुटलेलं गाजर नाही का गं आज?"

"आज नाय गावलं. मुळा हाय, वळून बसलाय बघा म्हातारीवानी."

ही सगळी वाकडी वरात रिक्षातून वर्गात यायची आणि मग तीन-तीन दिवस वाद चालायचा. हे वांगं आहे का? तीन नाकं असली तर शिंक आली की काय करत असेल? मीराबाईंचं म्हणणं की हे वांग्याचं कुटुंब आहे. मला वाटायचं, पोरं बोलतात छान, पण हे शिकवणं कधी सुरू होणार? पाटी नाही, पेन्सिल नाही, अ नाही, आ नाही. बाई दिवसभर जमिनीवर बसून नुसत्या बघत असायच्या, आणि सगळी घरी गेली की एका वहीत काहीतरी टिपत असायच्या.

त्या वहीची मला फार धास्ती. मला वाटायचं, माझ्या चुका लिहीत असणार. कप फोडला, झाडताना कोपरा राहिला, 'पाणी' म्हणायचं तिथं 'पानी' म्हणाले. एकदा त्या फोनवर असताना मी वही उघडली. लिहिलं होतं, "मीरानं आज सात वेळा दार उघडून लावलं. दार बघत नव्हती, बिजागरी बघत होती." खाली दुसऱ्या मुलाचं, तिसऱ्याचं. माझं काहीच नव्हतं. मला बरं वाटलं आणि मनातून थोडं हसूही आलं. दारं उघडणं-लावणं बघायला दोन वर्षांचा कोर्स? मी तर तीन भावंडं कडेवर वाढवली, कुठल्या सर्टिफिकेटाशिवाय. पोरं सांभाळायला काय लागतं? माया लागते. ती माझ्याकडे होती. ह्या विचारानंच पुढं माझी फजिती केली.

थंडीच्या दिवसांत बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे धूळ नको, वाकायचं नाही. सर म्हणाले, "ताई, तेवढे दिवस तुम्हीच बघा." बाईंनी जाताना एवढंच सांगितलं, "शिकवू नकोस काही. बघ."

आणि मी शिकवलं.

काय सांगू, मला तेव्हा अंगात आल्यासारखं झालं होतं. ह्यांच्याकडून पाट्यांचा गठ्ठा आणवला. पोरांना ओळीत बसवलं. हात धरून अ काढायला लावला. वर्ग इतका गप्प की पंख्याचा आवाज ऐकू येई. आईबाप न्यायला यायचे आणि फाटकातच म्हणायचे, "वा, आता खरी शाळा वाटते." सरांनी खिडकीतून दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा मला ऑफिसात बोलावलं. "बाईंचं आता वय झालं. जूनपासून वर्ग तुम्हीच घ्या. एवढ्या लहान मुलांना डिग्री काय करायचीय? रिझल्ट दिसतोय ना." त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. "आई, मी मास्तरीण होनार."  आई म्हणाली, "खरंच का गं?" आईच्या त्या आवाजासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

वर्गात शौर्य नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. बाईंचे शौर्यराव. तो डाव्या हातानं सगळं करायचा. त्याची आजी निफाडकडची, शेतातली बाई, रोज त्याला सोडायला यायची. मी वर्ग घेतला त्या पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याचा तेवढा हात फिरव बाई. मास्तरणीला लय सांगून पाह्यलं, त्या ऐकत नाय. पोरगा परसादाला डावा हात पुढं करतो, चारचौघांत लाज वाटती." मलाही ते पटलं. आमच्याकडेही डाव्या हातानं अक्षर काढलेलं कुणी चालवून घेतलं नसतं. मी शौर्यला मारलं नाही, रागावले नाही. लाडानं सांगितलं, "राजा, हा हात झोपलाय. त्याला उठवायचं नाही हं. ह्या हातानं काढ." आणि दरवेळी खडू उजव्या हातात दिला. शहाणं पोर, ऐकलं त्यानं. दोन आठवड्यांत उजव्या हातानं वाकडातिकडा अ काढला. आजीनं माझ्या ओटीत नारळ घातला.

फक्त एक झालं. पाटी काढा म्हटलं की शौर्यला शू लागायची. नेऊन आणलं की पुन्हा लागायची. मी हसून म्हणायचे, "पाटीचोर आहेस नुसता." बाकीची पोरंही म्हणायला लागली, पाटीचोर, पाटीचोर.

तीन आठवडे पुरे झाले त्याच दिवशी बाई आल्या. डोळ्यांना मोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी अजून वाकू नका म्हटलं होतं म्हणून भिंतीला टेकून ताठ बसल्या, पण बसल्या जमिनीवरच. मी जरा तोऱ्यातच पाट्या वाटल्या. बाई नुसत्या बघत होत्या. दहा मिनिटं झाली असतील. शौर्य म्हणाला, "ताई, शू."

"बसा शौर्यराव," बाई म्हणाल्या, "मीच येते तुमच्याकडे." आणि सरकत सरकत त्याच्याजवळ गेल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "अगं, ह्याचा डावा हात कुठंय?"

मी बघितलं. हात मांडीखाली होता. तो हातावर बसला होता. मी विचारलं, "शौर्य, असा का बसलास रे?"

"तो झोपलाय ना," शौर्य म्हणाला. "उठला तर तू रागावशील."

 तीन आठवडे मी ह्या पोराच्या समोर बसून होते. अ सरळ आला का ते बघत होते, त्याचा हात बघितलाच नव्हता. एका डोळ्याला नीट दिसत नसलेल्या बाईंना दहा मिनिटांत दिसलं. तेव्हा मला कळलं की दोन वर्षं त्या काय शिकल्या होत्या.

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. त्या म्हणाल्या, "आज तू सगळं डाव्या हातानं करायचंस. सुट्टीपर्यंत."

झालं. डाव्या हातानं उपमा वाढला, निम्मा सतरंजीवर. डाव्या हातानं मीराची वेणी घातली, ती शिंगासारखी उभी राहिली. पोरं हसून लोळायला लागली. मग बाईंनी माझ्यासमोर पाटी ठेवली. "आता अ काढा." काढा म्हणाल्या, काढ नाही. पहिल्यांदाच मला अहो-जाहो केलं त्यांनी. मी खडू धरला, तो मोडला. दुसरा धरला, कपाळावर घाम. माझा तो अ बघून मीरा म्हणाली, "हा खेकडा आहे." आणि खरं सांगते, मला त्या क्षणी इतकं लागलं की वाटलं उठून बाहेर जावं. काहीतरी कारण काढावं. शूचंसुद्धा चाललं असतं.

शौर्य बघत होता. त्याला राहवेना. मांडीखालून हात बाहेर आला, त्यानं माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाला, "ताई, तुला येत नाही. असा धरायचा, हे बघ." डाव्या हातानं त्यानं पाटीवर भला मोठा गोल काढला. मग त्याला पाय काढले, मग शेपूट. तीन आठवड्यांत त्यानं काढलेलं पहिलं चित्र. बाई काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत असाव्यात. मला काही दिसत नव्हतं, माझे डोळे भरले होते.

पण गोष्ट इथं संपली नाही. चार दिवसांनी शौर्यची आजी सरांकडे गेली. पोरगा पुन्हा डाव्या हातावर आला, मास्तरीणबाई मुद्दाम बिघडवतात. सरांना निमित्तच हवं होतं. त्यांनी आजीला, बाईंना आणि मला ऑफिसात बसवलं.

"बाई, पेरेंट्स नाराज आहेत. तुम्ही नव्हतात तेव्हा ताईंनी तीन आठवड्यांत मुलांना लिहायला लावलं. जूनपासून वर्ग त्याच घेतील. त्या तयार आहेत. काय ताई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त हो म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आई होती, फोनवर 'खरंच का गं?' म्हणणारी. नाही म्हटलं तर वर्ग तर जाणारच, मदतनिसाचं कामही जाणार, हे सरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नाशिकमध्ये मला ह्या जागेशिवाय कोण ओळखत होतं? 

मी म्हणाले, "सर, मला नाही येत."

"काय नाही येत?"

"शिकवायला. मी शौर्यचा हात झोपवला. त्याला भीतीनं शू लागत होती आणि मी त्याला चोर म्हणाले. मला कळलंच नाही. बाईंना कळलं." आणि मग जे तोंडून निघायचं नव्हतं तेही निघालं. "मी सातवीच शिकलेय, सर."

सर लाल झाले. "मग इतके दिवस वर्ग काय म्हणून घेतलात? उद्यापासून येऊ नका तुम्ही."

आजी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. "थांबा वो साहेब," ती म्हणाली. "हात मांडीखाली घालून बसायचा?"

"हो, आजी."

"घरीबी तसाच बसायचा. मी म्हनलं थंडी वाजती म्हून. गोधडी टाकली त्याच्या अंगावर." तिनं पदर तोंडाला लावला. "ह्या पोरीला मीच सांगितलं होतं साहेब, हात फिरव म्हून. आता काढायचं तर मला काढा."

"आजी, तुम्हाला कसं काढणार?"

"मग तिलाबी नका काढू. आन् माझी तक्रार बी नाय आता."

सर खुर्चीत मागं रेलले. तेवढ्यात बाई बोलल्या. "हे बघ रे. तुला जूनपासून नवी बाई पाहिजे ना? मलाही पाहिजे होती. माझा राजीनामा पर्समध्ये आहे, आजच देणार होते. कोकणात माझी बहीण एकटी असते, कधीची बोलावतेय." त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, चार तुकडे केले आणि सरांच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकले. "आता नाही देत. ही शिकेपर्यंत मी थांबते."

"किती वर्षं लागतील, बाई? सातवी झालीय त्यांची."

"लागतील तितकी. आपली चूक हिला दिसली, आणि नोकरीवर पाणी सोडून हिनं ती सांगितली. एवढं झालं की बाकीचं शिकवता येतं. तेवढं मला येतं."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. शेवटी म्हणाले, "पण पाट्या?"

"पाट्या राहू देत," बाई म्हणाल्या. "चित्रं काढायला उपयोगी आहेत."

जुलैत दहावीला बाहेरून बसण्याचे सतरा नंबरचे फॉर्म निघाले तेव्हा बाई स्वतः माझ्याबरोबर आल्या. शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. मी भावाला फोन केला तर म्हणाला, "इतक्या वर्षांनी? मास्तर हसतील." मास्तर हसले नाहीत, दाखला दिला. त्यात माझं वागणं 'चांगले' असं लिहिलेलं होतं. मी ते चार वेळा वाचलं. मग पोरं गेल्यावर वर्गाच्या सतरंजीवर बाई मला भूमिती शिकवायच्या. गणितात मी एकदा नापास झाले. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला काय घाई नाही." दुसऱ्या खेपेला पास झाले.

आता बारावी चालू आहे. मग बाईंनी केला तसा कोर्स. हिशेब केला की वाटतं, अजून किती राहिलंय. बाईंचे गुडघे आता उठताना दोनदा कुरकुरतात. बहिणीचा फोन येतो तेव्हा त्या अंगणात जाऊन बोलतात, आणि मला ऐकू येतं, "येते गं, येते. अजून जरा काम आहे." ते जरा काम म्हणजे मी. शौर्य मोठ्या शाळेत गेला, त्याची आजी रस्त्यात भेटली की थांबवून विचारते, "किती राह्यलं गं तुझं?" जणू पीक कधी निघणार विचारावं तसं.

बाईंना मी काही बोलून दाखवत नाही, त्यांना आवडत नाही. इथं लिहून ठेवते. ज्या दिवशी माझा कोर्सचा निकाल लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकेन. बाईंच्या बॅगा मी उचलेन, एसटीत त्यांना खिडकीशी बसवेन आणि कोकणातल्या त्यांच्या बहिणीच्या दारापर्यंत पोचवून येईन. जाताना दोन तिकिटं काढीन. येताना एकच, माझं. दुसऱ्या दिवशी वर्ग असेल.